कपाटावरच्या योशिएआजी

"पप्पा, जपानमध्ये सहा वर्षांत तुम्ही किती लोकांना ख्रिश्चन केलंत?"

शमिकानं हे विचारलं ते रविवारी, उपासना आटोपल्यावर, भर जेवणात आणि पाहुण्यांसमोर. पाहुण्यांसमोरच विचारायचं, हीच तर अट होती. शुक्रवारी शाळेत वादविवाद स्पर्धेची ढाल तिनं उचलून आणली, तेव्हा कँटीनमध्ये तिची मैत्रीण गार्गी म्हणाली होती, "माइकसमोर काय गं, कोणीही बोलतं. घरी, चार लोकांसमोर बोलून दाखव, मग मानू." दुसरी मैत्रीण दिव्यांशी, तिनं लगेच री ओढली होती, "पापाजींना विचार ना, तिकडे स्कोर काय झाला?" आणि शमिका पाटोळे आता पैज सोडणाऱ्यांतली राहिली नव्हती. दीड वर्षापूर्वी ती जयपूरला आली तेव्हा तिचं हिंदी ऐकून अख्खा वर्ग हसायचा, म्हणून तिनं तोंडाला कुलूप लावून घेतलं होतं. ते कुलूप एकदाचं निघालं ते असं निघालं, की परत लावायला किल्लीच सापडेना.

तिचे पप्पा, सुखदेव पाटोळे, हातातला घास ताटात ठेवून म्हणाले, "एक."

मग पप्पांनी, आईनं आणि शमिकानं, तिघांनी ठरवल्यासारखं एकदमच आतल्या खोलीकडे पाहिलं. दार उघडं होतं. आत लोखंडी कपाट, कपाटावर मोठी सूटकेस, आणि सूटकेसच्या आडून डोकावणारा, पांढऱ्या कापडात बांधलेला चौकोनी डबा.

पाहुणे म्हणजे आनंदराव आणि प्रभावतीबाई. आनंदराव मूळ भुसावळचे, रेल्वेतून रिटायर होऊन जयपूरलाच राहिलेले. दुर्गापुऱ्यातल्या या भाड्याच्या घराच्या हॉलमध्ये दर रविवारी दहा-बारा माणसं प्रार्थनेला जमत, त्यांतले ते सगळ्यात जुने आणि सगळ्यात मोठ्या आवाजाचे. त्यांनीही मान वळवली, प्रभावतीबाईंनीही.

"मला तर बाई तो मिक्सर वाटायचा," प्रभावतीबाई म्हणाल्या. "म्हटलं जपानी आहे, ठेवणीतला असेल."

एरवी शमिका यावर खो खो हसली असती. पण आई उठली आणि भरलेला तांब्या पुन्हा भरून आणायला आत गेली, तेव्हा तिला कळलं की आपण पैज जिंकलो आणि काहीतरी भलतंच करून बसलो.

"योशिएबाई आहेत त्या," पप्पा म्हणाले. "म्हणजे त्यांच्या अस्थी."

प्रभावतीबाईंनी आपलं ताट हळूच पुढं सरकवलं.

जपान म्हटलं की गार्गीच्या डोळ्यांसमोर बुलेट ट्रेन आणि गुलाबी झाडं यायची. पाटोळ्यांचं जपान नागोयापासून दोन तासांवरच्या एका गावात होतं आणि त्या गावात तरुण माणूस म्हणजे साठीचा. केस कापायच्या एका दुकानाच्या वर दोन खोल्या. एकीत घर, एकीत चर्च. हिवाळ्यात भिंतींना आतून घाम फुटायचा. रॉकेलच्या हीटरचा वास स्वेटरला लागायचा, भाताला लागायचा, गीतांच्या पुस्तकांनाही लागायचा. संध्याकाळी पप्पा पत्रकं घेऊन स्टेशनबाहेर उभे राहायचे. लोक फार सभ्य. कोणी शिवी दिली नाही, कोणी पत्रक फेकलं नाही. दोन्ही हातांनी घ्यायचे, कमरेत वाकायचे, घडी घालून खिशात ठेवायचे आणि परत कधी दिसायचे नाहीत. "दगड मारला असता तरी बरं होतं," एकदा पप्पा जिन्यात बूट काढताना आईला म्हणाले होते. "निदान कळलं असतं, आपलं बोलणं कोणाला तरी लागलं."

आई डबे भरायच्या कारखान्यात जायची. सरकत्या पट्ट्यावरून भाताचे डबे येत, आणि प्रत्येक भाताच्या मधोमध खारवलेलं एक लाल फळ ठेवायचं, एवढंच तिचं काम. झोपेतही तिची दोन बोटं उशीवर काहीतरी ठेवत असायची.

आणि पप्पांना भाषा शेवटपर्यंत आली नाही. आठ वर्षांच्या शमिकाला ती सहा महिन्यांत आली. मग पप्पांचा एकेक शब्द तिच्याच तोंडून बाहेर पडू लागला. विजेच्या बिलाची तक्रार तीच करायची, डॉक्टरला आईचं दुखणं तीच सांगायची, आणि रविवारी प्रवचनही तीच. पाय जमिनीला टेकत नव्हते अशी पोर खुर्चीवर बसून पापक्षमा म्हणजे काय ते समजावून सांगायची. ऐकायला असायचं कोण? कधीमधी येणारा एक नेपाळी आचारी, आणि योशिएआजी.

योशिएआजी खालच्या दुकानाच्या मालकीणबाई. केस पांढरेशुभ्र, त्यात हौसेनं रंगवलेली एक जांभळी बट. पहिल्यांदा त्या वर आल्या त्या भांडायला. तुम्ही काय गाता ते गा, पण सुरात गा, गिऱ्हाइकं विचारतात. मग स्वतःच पेटीपुढं बसल्या, सूर लावून दिला, चहा प्यायल्या आणि पुढच्या रविवारी परत आल्या. असं करत करत तीन वर्षं येत राहिल्या, आणि एके दिवशी म्हणाल्या, मला बाप्तिस्मा घ्यायचा आहे.

त्या रात्री पप्पा जेवले नाहीत. आनंदानं.

पण बाप्तिस्मा घ्यायचा तर घरातला देव्हारा काढावा लागेल, असं पप्पांनी सांगितलं. म्हणजे सांगितलं शमिकानं. तिकडे देव्हाऱ्यात देवापेक्षा गेलेली माणसंच जास्त. आजींच्या नवऱ्याच्या नावाची पाटी होती त्यात, आणि सकाळच्या भाताचा पहिला घास त्याच्यापुढं ठेवल्याशिवाय आजी चूल सोडत नसत. दोन महिने आजी त्या विषयावर काही बोलल्या नाहीत. मग त्यांचा मुलगा मासातो नागोयाहून व्हॅन घेऊन आला. त्यानं देव्हारा चादरीत गुंडाळला, गाडीत आडवा ठेवला, आईशी एक शब्द बोलला नाही. निघताना शमिकाकडे पाहून म्हणाला, "आता आई तुमची."

"काय म्हणतोय?" पप्पांनी विचारलं होतं.

"आता आई तुमची, म्हणतोय."

"देवाची स्तुती असो," पप्पा म्हणाले होते. त्यांना तो होकार वाटला.

बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी आजी शमिकाचे केस कापत होत्या आणि पप्पा शेजारी उभे होते. आजींनी एकच प्रश्न विचारला, "मेल्यावर माझी हाडं कुठं जातील?"

तिकडे सगळ्यांनाच जाळतात, आणि हाडं घराण्याच्या थडग्यात ठेवतात. थडगी देवळाच्या आवारात. लोक जातात, दगड धुतात, वरून पाणी घालतात, गेलेल्यांशी दोन शब्द बोलतात. आजींचा नवरा तिथं होता. आता देऊळ त्यांना घेणार नव्हतं आणि मुलगा देवळाकडे शब्द टाकणार नव्हता. "ज्या हाडांना पाणी घालायला कोणी नाही, ती भटकत राहतात," आजी म्हणाल्या. "मी काही शूर नाही. मला एकटीला भीती वाटते."

पप्पा नेवाशाकडचे. त्यांच्या गावी माणूस गेला की पुरायला चर्चच्या मंडळीची जमीन आहे, खड्डा खणायला चार माणसं आहेत, विषय संपला. एवढं मोठं नवं जीवन मिळत असताना ही बाई हाडांचं काय घेऊन बसलीय, असंच त्यांना वाटलं असणार. ते एका दमात म्हणाले, "सांग त्यांना, आमची जी जागा तीच त्यांची. आम्ही एकटं ठेवणार नाही."

शमिकानं शब्दाला शब्द तसंच सांगितलं. वर, वचन आहे म्हटल्यावर, शाळेत मुली करायच्या तशी करंगळी पुढं केली. आजींनी कात्री खाली ठेवली आणि आपली करंगळी तिच्या करंगळीत अडकवली.

दोन वर्षांनी, ऐन थंडीत, आजी गेल्या. पोटातला कॅन्सर. मासातोला फोन शमिकानंच केला. तो आला नाही.

तिकडच्या स्मशानात जाळून झाल्यावर घरच्यांना आत बोलावतात. पत्र्याच्या तबकावर हाडं असतात, कोमट. लांब काड्यांनी दोघादोघांनी मिळून एकेक हाड उचलायचं आणि मडक्यात ठेवायचं, पायांपासून सुरुवात करून डोक्यापर्यंत, म्हणजे माणूस आत उलटा होत नाही. घरचे म्हणून पाटोळेच होते. पप्पांच्या काड्यांतून हाड निसटून खाली पडलं. मग आईनं आणि शमिकानं सगळं केलं. आईची ती दोन बोटं इतकी सफाईनं चालत होती, की शमिकाला भाताचे डबे आठवले. शेवटी तिथल्या माणसानं गळ्यातलं एक लहान हाड अदबीनं दाखवलं. तो म्हणाला, "बघा, बुद्ध बसल्यासारखं दिसतं ना? हे सगळ्यात वर ठेवायचं."

"काय म्हणतोय?" पप्पांनी विचारलं.

शमिकानं तेही सांगितलं. काही गाळायचं नाही, ही पप्पांचीच शिकवण. पप्पांनी तोंड भिंतीकडे फिरवलं आणि म्हणाले, "ठेवा म्हणावं."

पुढचं थोडक्यात. मोठ्या शहरांतल्या मंडळ्यांकडे हाडं ठेवायच्या खोल्या होत्या, पण त्यांच्या त्यांच्या सभासदांसाठी. सहा वर्षांत एकच बाई, आणि तीही गेली म्हटल्यावर, त्यांना जपानला पाठवणाऱ्या मिशनरी संस्थेनं पाटोळ्यांना परत बोलावलं आणि जयपूरच्या मराठी रेल्वेवाल्यांत काम करा म्हणून पाठवलं. आजी विमानात आईच्या मांडीवर बसून आल्या. दिल्लीला अधिकाऱ्यानं विचारलं, यात काय आहे. पप्पा म्हणाले, अस्थि. त्यानं खुर्चीवरून उठून हात जोडले आणि जाऊ दिलं. जयपूरच्या कबरस्तानाच्या कमिटीनं मात्र हात जोडले नाहीत. बॉडी असती तर बघितलं असतं, डब्याचं कसं करायचं ते आम्हाला ठाऊक नाही, इथं आधीच एकावर एक पुरतोय, पुढच्या मीटिंगला विषय घेऊ. ती मीटिंग अजून भरायची आहे. नेवाशाला न्यावं, तर तिथं आता पाटोळ्यांचं कोणी उरलं नव्हतं. तेव्हापासून आजी कपाटावर.

हे सगळं पप्पांनी आनंदरावांना सांगितलं, देव्हाऱ्याचा भाग सोडून.

आनंदराव बराच वेळ दाढ कोरत राहिले. मग त्यांनी मांडीवर थाप मारली. "पाळकसाहेब, एवढी मोठी गोष्ट कपाटावर ठेवून तुम्ही आम्हाला वांग्याचं भरीत वाढताय? शहराबाहेर, चौमूंला, चर्चसाठी घेतलेला आपला प्लॉट आहे की नाही? येत्या शनिवारी पायाभरणी आहे की नाही? ठेवा बाईंना पायात. वर छान दगड लावू. जपानची बाई आणि राजस्थानातलं चर्च. लोक बघायला येतील."

शमिकानं पप्पांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. सहा वर्षं आणि वर दीड वर्ष, तो चेहरा असा उजळलेला तिनं पाहिला नव्हता.

"चर्चच मिळेल की त्यांना," पप्पा सावकाश म्हणाले. "आख्खं."

"पण काका," शमिका म्हणाली, "तिथं राहणार कोण?"

"मंडळी राहील की. आज ना उद्या."

"आज कोण आहे?"

"आज बाजरी आहे," आनंदराव म्हणाले आणि स्वतःच हसले.

पाहुणे गेल्यावर पप्पा खुर्च्या एकात एक रचत होते. शमिका मागोमाग.

"पप्पा, हे चालणार नाही. आजींनी शेत नव्हतं मागितलं."

"शमू, त्या तिथं नाहीतच गं. त्या प्रभूजवळ आहेत. ही नुसती हाडं."

"मतलब तेव्हाही नुसती हाडंच होती ना? मग तेव्हाच सांगायचं होतं त्यांना तसं. जागेचं वचन कशाला दिलंत?"

"आपली जागा तीच त्यांची, असं म्हटलं होतं. चौमूं आपली जागा नाही का?"

"आपण राहायला जाणार आहोत तिथं? उद्या तुमची बदली गुवाहाटीला झाली, तर पाणी कोण घालेल?"

"पाणी," पप्पा म्हणाले. त्यांनी खुर्ची खाली ठेवली. "पाणी घातल्यानं काही होत नसतं, हे शिकवायला तर गेलो होतो आपण. आणि तू कशाला जिवाला लावून घेतेस? वचन मी दिलं. तू लहान होतीस. तू नुसतं बोललीस."

"बोट माझं होतं, पप्पा."

खुर्च्यांची रास भिंतीशी सरकवून ते आत निघून गेले.

स्वयंपाकघरात आई भांडी घासत होती. तिनं मागं वळून पाहिलं नाही. "तुम्ही दोघं बाहेर पडलात ना, की मी रोज खाली काढते तिला," ती म्हणाली. "पुसते. भाजी निवडून होईपर्यंत ओट्यावर ठेवते. एकटी नको म्हणाली होती ना." तिनं नळ बंद केला. "पण मी काय बोलणार तिच्याशी? कारखान्यातलं चार शब्दांचं जपानी माझं. मराठीतच बोलते. कांदे महागले, ऊन फार आहे. तिला काय कळत असेल, गं? दीड वर्ष झालं, तिच्या कानावर तिचं म्हणावं असं काही पडलंच नाही."

शमिकानं फडकं घेतलं आणि ती आईशेजारी भांडी पुसायला लागली.

सोमवारी शाळा सुटल्यावर ती गार्गीकडे गेली. गार्गीचे आईवडील दोघंही डॉक्टर, म्हणून घर संध्याकाळपर्यंत रिकामं. "बोल, स्कोर काय?" गार्गीनं दारातच विचारलं. शमिकानं स्कोर सांगितला आणि तो कुठं ठेवलाय तेही सांगितलं. गार्गी धपकन सोफ्यावर बसली. "यार, मी तर मजाक करत होते," ती म्हणाली आणि उशीचा कोपरा पिळायला लागली.

मासातोचा नंबर शमिकाला पाठ होता. आजी आजारी असताना रोज तोच लावायचा आणि रोज तो उचलायचा नाही. आज तिसऱ्या रिंगला उचलला.

"दुकानावरच्या खोलीतली शमिका बोलतेय," ती जपानीत म्हणाली. जिभेवर गंज चढलेला. गार्गी आ वासून पाहत होती.

पलीकडे टीव्ही चालू होता, तो बंद झाल्याचं ऐकू आलं.

"ती बोलणारी मुलगी," मासातो म्हणाला.

"हो."

"अजून वडिलांसाठी बोलतेस?"

"नाही. आज माझंच बोलतेय." आणि मग तिनं सगळं सांगितलं. कपाट, कबरस्तान, बाजरीचं शेत. फोन कट झाला की काय, म्हणून तिनं दोनदा पाहिलं.

"मी आलो होतो," तो शेवटी म्हणाला. "त्या दिवशी स्मशानाबाहेर गाडीत बसून होतो. आत आलो असतो तर तुझ्या वडिलांच्या मागं उभं राहावं लागलं असतं. माझ्याच आईला. ते नाही जमलं. तुम्ही बाहेर पडलात, डबा तुझ्या आईच्या हातात होता. तिनं तो अंगाशी धरला होता, तेवढं पाहिलं आणि निघालो."

शमिकाच्या नाकातून पाणी यायला लागलं. गार्गीनं न विचारता रुमाल दिला.

"तुम्ही त्यांना घेऊन जाल? तुमच्या बाबांशेजारी ठेवाल?"

"देवळात विचारावं लागेल. भिक्षू मंत्र म्हणतील. गेलेल्या माणसाला तिथं नवीन नाव देतात, तेही देतील. डब्यावर क्रॉस असेल तर तो काढावा लागेल. तुझ्या वडिलांना चालेल?"

"नाही चालणार."

"मग?"

तिला आजी दिसल्या, पेटीपुढं बसलेल्या, डोळे मिटून गाणाऱ्या. ते गाणं खोटं नव्हतं. ते खोटं असतं तर किती सोपं झालं असतं. "त्यांना विचारता आलं असतं तर त्या काय म्हणाल्या असत्या, मासातोसान?"

"मला माहीत नाही. तुला?"

"मलाही नाही." तिनं नाक पुसलं. "पाणी कोण घालेल?"

"मी घालेन. बायको घालेल. वडिलांसाठी दर महिन्याला जातोच आम्ही. दोघांवर घालू."

दुसऱ्या दिवशी त्याचा मेसेज आला. देऊळ तयार होतं. तो शुक्रवारी दिल्लीला उतरून टॅक्सीनं जयपूरला येणार होता. शमिकानं घरचा पत्ता पाठवला आणि घरात अवाक्षर काढलं नाही. बुधवारी बोलू, असं मनाशी म्हणाली, तर बुधवारी पप्पा चौमूंला गेले. शाळेच्या हॉलमध्ये हजार पोरांपुढं तडातडा बोलणारी मुलगी दोन दिवस दातांमागं जीभ दाबून वावरत होती. आईनं तिला दोनदा विचारलं, पोट दुखतंय का.

गुरुवारी संध्याकाळी पप्पा चारदीवारीतून, म्हणजे जुन्या शहरातून, आले ते ई-रिक्षातून उतरले, मांडीवर पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी जड घेऊन. आईनं दार धरलं. पप्पांनी ते हॉलमधल्या टेबलावर ठेवून पोतं सोडलं. पांढऱ्या संगमरवराचा दगड होता, आणि त्यावर सुबक अक्षरांत कोरलं होतं, योशिए, आमचं पहिलं फळ.

"दोन दिवसांत करून दिलं कोरणाऱ्यानं," पप्पा म्हणाले. घामानं शर्ट पाठीला चिकटला होता आणि ते हसत होते. "जपानी अक्षरं पण येतात का विचारलं, तर म्हणाला, लिहून द्या साहेब, काहीही कोरतो. शमू, तू खाली त्यांचं नाव लिहून दे. उद्या सकाळी नेतो परत." ते आत गेले, सूटकेस बाजूला केली आणि कपाटावरचा डबा दोन्ही हातांनी खाली काढला. तो आणून दगडाशेजारी ठेवला, कसं दिसतं ते बघायला.

शमिका टेबलाच्या दुसऱ्या बाजूला उभी होती. "पप्पा, दगड चौमूंला नका नेऊ."

"का गं? अक्षर चुकलंय?"

"अक्षर बरोबर आहे. मी मासातोसानला फोन केला होता."

पप्पांना नाव कळायला क्षणभर वेळ लागला. आईला नाही लागला. तिनं ओढणीनं हात पुसले आणि जवळ येऊन उभी राहिली.

"त्याला कशाला?"

"आजींना घेऊन जा म्हणून. त्यांच्या नवऱ्याशेजारी, थडग्यात. ते हो म्हणाले."

"देवळात?"

"हो."

"मंत्र म्हणतील तिच्यावर."

"हो."

"नाव बदलतील. ज्या नावानं बाप्तिस्मा दिला ते पुसून टाकतील. तुला माहिती आहे हे?"

"विचारलं मी सगळं."

पप्पांनी दगडाच्या कडेवर हात ठेवला. "सहा वर्षं, शमू," ते म्हणाले. आवाज इतका लहान झाला होता की रस्त्यावरच्या भाजीवाल्याची हाक त्याहून मोठी वाटली. "तुझ्या आईनं भात भरला. मी त्या थंडीत उभा राहिलो. तू तुझं बालपण घातलंस त्यात. आणि आपल्या हातात हे एवढंच आहे."

"आपल्या हातात आहे म्हणून तर," शमिका म्हणाली. वादविवादाचा आवाज कुठल्या कुठे गेला होता. निघाला तो दुकानावरच्या खोलीतल्या, पाय जमिनीला न टेकणाऱ्या मुलीचा. पप्पा रडत होते. तिनं त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं आणि आपण आत्ताच थांबलो तर ते थांबतील, हेही तिला दिसत होतं. ती थांबली नाही.

"देव्हारा काढा, हे मी सांगितलं त्यांना. आमची जागा तीच तुमची, हेही मीच सांगितलं. तुमचं म्हणून सांगितलं, पण ऐकलं त्यांनी माझ्याकडून. आणि आपली जागाच नाहीये, पप्पा. कुठंच नाहीये. भाड्याचं घर आहे आणि बाजरी आहे. त्यांच्या नवऱ्याची आहे, तिथं त्यांचा मुलगा दर महिन्याला जातो. तुम्हाला वाटतं ना, त्या प्रभूजवळ आहेत? मग मंत्रांनी त्यांचं काय बिघडणार आहे?"

पप्पांनी आईकडे पाहिलं. आईनं डब्यावरच्या कापडाची सैल झालेली गाठ सोडली आणि नीट, घट्ट बांधली, प्रवासाला निघालेल्या माणसाच्या सामानाची बांधावी तशी.

शमिकानं डोळे पुसले.

"मासातोसान उद्या दुपारी येतायत. त्यांना पत्ता मी दिलाय. दार मी उघडणार आहे आणि डबा मीच त्यांच्या हातात देणार आहे. तुम्ही दोघं इथं उभे असलात तर मला बरं वाटेल. नसलात, तरी मी देणार आहे."